पाण्याची पाळी आणि माझा रविवार

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिशी ओलांडली होती. सन एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. पिंपळीच्या शिवारात माझं वांग्यांचं छोटं रान होतं, कालव्याच्या पाण्यावरचं. पाणी पाळीनं मिळे. आपली पाळी आली की खोरं घेऊन हजर व्हायचं आणि दारं धरायचं, म्हणजे भरलेल्या वाफ्याचं तोंड मातीनं बंद करून पुढच्याचं उघडायचं. पाळी चुकली की पंधरवडा गेलाच.

एका उन्हाळ्यात पाळी नेमकी रविवारी आली. रविवारी काम करायचं नाही, हे मी नुकतंच शिकलो होतो, आणि नव्या माणसाचा ताठा काही औरच असतो. मी जाहीर केलं, खोऱ्याला हात लावणार नाही.

"अवं, वांगी जळतील की," बायको म्हणाली. "देवाला का जळक्या वांग्यांची हौस हाय?"

मी ऐकलं नाही. धुतलेलं धोतर नेसून बारामतीला उपासनेला गेलो. गीतं गायलो खरा, पण मन सगळं वांग्यांत होतं. दुपारी भीत भीत रानात आलो तर वाफे काठोकाठ भरलेले. शेजारचा आबा चिखलाच्या पायांनी बांधावर भाकरी खात बसला होता. आबा वयानं माझ्या वडिलांएवढा, विठ्ठलाचा माळकरी.

"तू देवाला गेलतास, म्हनून म्याच धरलं दारं," तो म्हणाला.

मला रडू आलं. माझ्या निष्ठेचं फळ देवानं हातोहात दिलं, असंच मी धरून चाललो.

बारामतीत आम्हा मोठ्या माणसांना शिकवायला इंदापूरकडचे एक म्हातारे उपदेशक येत. त्यांना मी ही हकीकत मोठ्या तोऱ्यात सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "दारं कोणी धरलं म्हणालात?"

"शेजाऱ्यानं."

"उन्हात? एकट्यानं?"

"हो."

"आपण विसावा घ्यायचा, तसा आपल्या आसपासच्या परक्यालाही द्यायचा, असं विसाव्याच्या दिवसाची आज्ञा सांगते. तुम्ही मात्र त्याला राबवून विसावा घेतलात."

बाकीचे हसले. मला भयंकर राग आला. मी काय त्याला बोलावणं धाडलं होतं? पुढचे काही दिवस मी शिकायला गेलोच नाही. बायकोला म्हटलं, त्या म्हाताऱ्याला शेतीतलं काय कळतं? ती भाकरी थापत म्हणाली, "त्यास्नी तुमी कळला, तेवढं पुरं झालं." रागावलो तिच्यावरही, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. वांग्यांकडे पाहिलं की आबाचे चिखलाचे पाय दिसत.

पावसाळा ओसरला तसा कालव्याकाठच्या गावांतून हिवताप घरोघर फिरला. अशाच एका रविवारी आम्ही दोघं उपासनेला निघालो होतो. आबाच्या रानापाशी पाहिलं तर त्याच्या पाळीचं पाणी आलेलं, एका वाफ्यातून फुटून वाटेवर वाहत चाललेलं, आणि आबा घोंगडी पांघरून बांधावर कुडकुडत बसलेला. हातात खोरं होतं, पण ते उचलवत नव्हतं. पलीकडे त्याची कांद्याची रोपं माना टाकून पडली होती.

मी थांबलो. खरं सांगतो, पाय पुढंच निघाले होते. बायकोनं माझ्या खांद्यावरचं उपरणं काढून घेतलं. मी धोतर खोचलं, आबाच्या हातातलं खोरं घेतलं आणि फुटलेला वाफा बांधला. पाणी पुढच्या वाफ्यात वळलं.

आबानं घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. दात वाजत होते तरी बोललाच.

"आरं, आज तुजा ऐतवार न्हवं का?"

"व्हय आबा," मी म्हणालो, "म्हनून तर आलोय."