शिडीसकट आलेला पेशंट

"डॉक्टर, टाच मोडली असंल तर प्लास्टर घाला. बाकी मला काय नाय झालेलं," म्हणत नामदेव माझ्या रोह्याच्या दवाखान्यात उठून बसायला धडपडू लागला. मी ओरडलोच त्याच्यावर. तो स्ट्रेचरवर नव्हता. गोधडी टाकलेल्या बांबूच्या शिडीवर आडवा होता, तोही दोरीनं बांधलेला.

नामदेव झाडं छाटतो. पावसाळ्याआधी खांब गावापासून रोह्यालगतच्या अष्टमी गावापर्यंत त्याला बोलावणी असतात. त्या दिवशी एका बंगल्याच्या कौलांवर आलेली आंब्याची फांदी तोडायची होती. यानं शिडी टेकवली ती त्याच फांदीला! शेंडा तुटून पडला, भार गेला, तशी उरलेली फांदी वर उसळली. शिडीचा आधार सुटला आणि हा सरळ दोन्ही पायांवर खाली आला.

असं पडलं की टाच मोडते, पण तोच दणका कण्यापर्यंतही जातो. टाच इतकी ठणकते की पाठीकडे लक्षच जात नाही. मणका मोडलेला असताना माणसाला वाकवलं, तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून आम्ही टाचेबरोबर मणक्याचाही एक्स-रे काढतो.

एक्स-रेत टाचेला तडा होताच, शिवाय कमरेचा एक मणका चेपलेला.

"पायाची बोटं हलव."

हलली. मग मी टाचणी टोचली.

"आवं, टोचता काय!"

इतकी गोड तक्रार मी क्वचितच ऐकली असेल.

"शिडीवर घालून आणायचं कुणी ठरवलं?" मी विचारलं.

त्याचा भाऊ खाली बघत म्हणाला, "हाच बोलला बाईकवर न्या. आमी मधी बसवत होतो. वयनीनं बसवू दिला नाय."

"एकदा पडला, वाटंत परत पडंल, म्हणून बांधूनच टाकला," दाराशी उभी असलेली नामदेवची बायको सुगंधा म्हणाली. "टेम्पोत घातला नि आणला."

"उगाच बोभाटा केलास गो," नामदेव कुरकुरला. "अख्ख्या खांबनं बघितलं."

"बघू दे," मी म्हटलं. "बाईकवर बसला असतास तर पाय गेले असते."



ऑपरेशन लागलं नाही. प्लास्टर, कमरेला पट्टा आणि सुगंधाच्या पहाऱ्यात सक्तीची विश्रांती. पुढच्या हंगामात तो मला अष्टमीत दिसला. शिडी बुंध्याला बांधलेली होती. हाक मारली तसा उतरून ताड ताड चालत आला. मला फार बरं वाटलं.

तोडायच्या फांदीला शिडी टेकवू नये. आणि कुणी पडलंच, तर कसं न्यायचं हे त्याला विचारू नये.