परीक्षेला न गेल्याची साक्ष

बायकोला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि आता सांगावं म्हटलं तर आई नाही. पास्टरसाहेबांपुढं मी आयुष्यात पुष्कळ पापं कबूल केली — राग, चहाडी, एकदा गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड ठेवून घेतलं तेही — पण ही एक गोष्ट दरवेळी जिभेच्या मागं दडून बसली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असता, तर नसतं सांगितलं. हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

वसमतला माझं शिलाईचं दुकान आहे. रविवारी बंद. दिवाळीच्या तोंडावरचा रविवार असो की लग्नसराईतला — कुलूप. गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि मग आपणच म्हणतात, जाऊ द्या, त्या माणसाचं आधी देव, मग धंदा. कुलूप खरं आहे बरं का. त्यात खोट नाही. पण लोकांना त्या कुलपाचं एवढं कौतुक वाटतं ते ज्या गोष्टीमुळं, ती गोष्ट —

सांगतो. जरा थांबा.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पत्र्याचं शेड, खाली सतरंज्या, एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये. उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं, आपण देवासाठी काय सोडलं, ते उभं राहून सांगायचं. कुणाची कावीळ उतरलेली असते, कुणाची दारू सुटलेली असते. माझी साक्ष सगळ्यांना पाठ होती. मी तरुणपणी तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता, परीक्षा रविवारी आली, आणि मी परीक्षा सोडून उपासनेला आलो. आधी देव, मग नोकरी. लोक म्हणायचे, याला म्हणतात विश्वास.

आता खरं काय ते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, परीक्षा परभणीला होती. मी परभणीला गेलो होतो. शनिवारीच गेलो, आतेभावाच्या खोलीवर मुक्काम केला, सकाळी अंघोळ करून, भांग पाडून शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. बाकीची पोरं भिंतीला टेकून शेवटची उजळणी करत होती. एकमेकांना नद्या विचारत होती, धरणं विचारत होती. मला एकाचंही उत्तर येईना. येणार कुठून? अभ्यासाला म्हणून घरातून निघायचो आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर चाळत बसायचो. बापानं आमच्या गावात, कुरुंद्यात, सांगूनही टाकलं होतं की आमचं पोरगं तलाठी होणार. घंटा झाली, पोरं आत गेली, आणि माझी पाचावर धारण बसली. नापास झालो तर तोंड कुठं दाखवू — एवढ्या एकाच भीतीनं मी मागं फिरलो. देव त्या वेळी माझ्या मनात कुठंही नव्हता.

पहिली बस धरून वसमतला उतरलो. कुरुंद्याला घरी जायची सोय नव्हती. परीक्षा सुटायच्या आधी तू घरी कसा, असं विचारलं तर? दुपार कुठंतरी काढायला हवी होती. मंडळीचं शेड जवळ होतं. मागच्या ओळीत गपचूप बसावं म्हटलं. दर रविवारी आई गावाहून तिथंच येते, हे सुचायला नको होतं का? पण भेदरलेल्या माणसाला काय सुचतं.

प्रवचन चालू होतं. पास्टरसाहेबांनी मला पाहिलं आणि बोलता बोलता ते थांबले. हा आपला भाऊ आज परभणीला परीक्षेत असायला पाहिजे होता, ते म्हणाले, आणि बघा, कुठं आलाय! सगळं शेड हालेलूया म्हणालं. आईनं पदर तोंडावर ओढला आणि ती हमसून हमसून रडली. मी ‘तसं नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं का? उघडलं नसावं. पुढच्या रविवारी मला साक्षीला उभं केलं, तेव्हा मात्र उघडलं. आणि बोललोही छान. बाप माझ्याशी महिनोन्‌महिने बोलला नाही, पण मंडळीत मला मान मिळाला, आणि मान म्हणजे काय असतो ते मला तोवर माहीत नव्हतं.

त्या साक्षीवर मला बायको मिळाली. सासऱ्यांनी सांगितलं, हा शिंपी असला तरी देवाला धरून आहे. त्या साक्षीवर मला रविवारच्या शाळेचा वर्ग मिळाला. लेकरं गोळा करून शिकवू लागलो. दर वर्षी साक्षीत थोडी भर पडायची. एका वर्षी मी हॉल तिकीट फाडून टाकलं, असंही तिच्यात आलं. गंमत बघा, या खोट्याच्या आधारानं मी खरंच प्रार्थना करायला शिकलो. दुकान खरंच बंद ठेवू लागलो. पण खरं सांगून मोकळं व्हायचं, तर ज्या दारातून बाहेर पडायचं तिथंच सगळे उभे — आई, सासरे, बायको, वर्गातली लेकरं. कुणाकुणाला ढकलून बाहेर पडू? नाही पडलो.

त्या लेकरांत सुनीता होती. कुरुंद्याजवळच्या तांड्यावरची. वडील नव्हते. आई झमकूबाई लोकांच्या हळदीत निंदायला जायची, तांड्यावरच्या देवीलाही हात जोडायची आणि लेकीसाठी आमच्यातही येऊन मागं बसायची. सुनीतानं माझी साक्ष परकर-पोलक्यात असल्यापासून ऐकली होती. पोरगी जिद्दीनं शिकली, नर्सचा कोर्स पुरा केला. मग सरकारी भरती निघाली. जागा भरपूर होत्या. ती पहिल्या फटक्यात लागणार, यात कुणालाच शंका नव्हती. परीक्षा रविवारी होती.

तुमच्या लक्षात आलं असेल पुढं काय झालं. मला मात्र त्या वेळी वाटत होतं की हे आपोआप निभावून जाईल. पास्टरसाहेब तिला जा म्हणाले. पहाटे प्रार्थना कर आणि जा, देव परीक्षेच्या हॉलमध्येही असतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, पण दादा तर गेले नव्हते. तेव्हा ते म्हणाले, मग दादालाच विचार.

आधी झमकूबाई दुकानावर आली. कामावरून तशीच आली होती, हात हळदीच्या शेतातल्या मातीनं भरलेले. बसली नाही.

“दादा, तिला तुमी सांगा. तुमचंच आयकन ती. एक ऐतवार न्हाई आली तर तुमचा देव रुसून बसन का? माही कंबर गेली आता. मी कुठवर निंदू?”

मी सांगतो म्हणालो. एवढंच म्हणालो.

संध्याकाळी सुनीता आली. हसतच आली. स्टुलावर बसली आणि तिनं सरळ विचारलं, “दादा, तुमाला कधी पस्तावा झाला का? खरं सांगा.”

खरं सांगा — हेच शब्द. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मशीन बंद होतं. ‘बाई, मी भिऊन पळालो होतो, तू जा’ — एवढं बोलायला किती वेळ लागतो? ती कुणाला सांगणारी नव्हती. कदाचित हसली असती. पण तिच्या डोळ्यांत मी जो होतो, तो मला सोडवेना. मी म्हणालो, “ज्यानं त्यानं प्रभूपुढं ठरवायचं असतं, सुनीता. मी माझं ठरवलं होतं.”

परभणीच्या फाटकावर मी भ्यालो होतो. इथं मी भ्यालो नव्हतो. इथं मला पुरतं कळत होतं, मी काय करतोय ते. माझा गुन्हा तो नव्हे, हा आहे.

त्या रविवारी मी गाणी चालवत होतो. सुनीता आली आणि बायांच्या पुढच्या ओळीत बसली. एवढा शांत चेहरा मी त्या शेडमध्ये दुसरा पाहिला नाही. साक्षीच्या वेळी ती उभी राहिली आणि म्हणाली, दादांकडं पाहून मला बळ आलं. तिची साक्ष खरी होती. तिच्यातलं एकच नाव खोटं होतं.

तिच्याबरोबरच्या, तिच्याहून कच्च्या पोरी लागल्या. पुढची भरती वर्षानुवर्षं निघाली नाही. सुनीता वसमतला एका खाजगी दवाखान्यात लागली. पगार इतका की सांगायला नको. झमकूबाईच्या हातातलं खुरपं सुटलं नाही. ती आमच्यात यायची थांबली. रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलायचो.

इथं थांबलो असतो, तर तुम्ही मला नुसता भित्रा म्हणाला असता. पण पुढं माझी लेक रूथ पाचवीत गेली. हुशार निघाली — माझ्यावर गेली नाही. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती, हिंगोलीला. रविवारी. बायको हळूच म्हणाली, अहो, रविवार आहे. मी म्हणालो, देव समजून घेतो. लगेच म्हणालो. विचार करायलासुद्धा थांबलो नाही. हे तीन शब्द सुनीतासाठी माझ्या तोंडातून का निघाले नव्हते, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी मी पोरीचे कपडे इस्त्रीला घेतले.

सकाळी बसस्टँडवर सुनीता समोर आली. दवाखान्यातली ड्यूटी संपवून आलेली, डोळे तांबारलेले, आता घरी जाऊन तोंड धुऊन उपासनेला जाणार. “दादा, आज इकडं कुठं?” तिनं विचारलं. काय सांगणार होतो? कोणत्या तोंडानं? मी म्हणालो, पोरीला बरं नाही, हिंगोलीला दाखवायला नेतोय.

ती नर्स. तिनं पटकन रूथच्या कपाळाला हात लावला. “ताप तर न्हाई, दादा.” मी म्हणालो, पोट दुखतंय. ती खाली वाकली, रूथचा गाल कुरवाळून म्हणाली, “कुठं दुखून राहिलं, बाळा?” रूथनं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. तेव्हा माझ्या लेकीनं, मी काहीही न शिकवता, बेंबीवर हात ठेवला.

सुनीतानं तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला आणि मी प्रार्थना करते म्हणून गेली. तिनं केलीही. उपासनेत तिनं रूथच्या पोटदुखीसाठी प्रार्थना मागितली, सगळी मंडळी गुडघ्यावर आली, आणि माझी बायको त्यांच्यात होती. तीही गुडघ्यावर आली. आम्ही हिंगोलीहून परतलो, तेव्हा तिनं माझ्यापुढं ताट वाढलं.

पुढच्या रविवारी सुनीता उभी राहिली आणि रूथ बरी झाली म्हणून तिनं प्रभूचे आभार मानले. पास्टरसाहेबांना भरून आलं. म्हणाले, लेकराला पुढं येऊ द्या, लेकराच्याच तोंडून ऐकू. रूथ माझ्या शेजारी बसली होती. मी तिचा हात धरून ठेवू शकलो असतो. उभा राहून म्हणू शकलो असतो, पास्टरसाहेब, थांबा, आधी मला बोलू द्या. शेड तेच होतं, पास्टरसाहेब तेच होते, मला सगळं दिसत होतं.

मी हात सोडला. रूथ पुढं गेली, फ्रॉक नीट केला, आणि खाली सतरंजीकडं बघत म्हणाली, “माझं पोट दुखत होतं. प्रभूनं मला बरं केलं.”

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.