रहमानचा खांदा

भर वैशाखात, अंगावरचा सदराही नकोसा व्हायचा तेव्हा, रहमान उजव्या खांद्याला कापूस भरलेली गादी बांधून कारंज्याच्या बाजारातून फिरत असे. पिशवी डाव्या हातात, सायकल डाव्या हातानं. सलाम तेवढा उजव्यानं, तोही अर्धाच. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसू नोका भाऊ. खाणारा हात हाच, अन् कमावणारा बी हाच."

मंगरूळपीरच्या पिंजाऱ्याचा हा मुलगा. गाद्यांचा कापूस पिंजून पिंजून खांदे भरलेले. आमच्या जिनिंगच्या शेटजींना कपाशीखालोखाल क्रिकेटचं वेड. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्यांनी त्याला तिथल्या सामन्यात चेंडू टाकताना पाहिलं आणि थेट उचलून कारंज्याला आणलं. कागदोपत्री तो रुईच्या गाठींवर शिक्के मारायचा, पण पगार मिळायचा गोलंदाजीचा. मी तिथं कारकून आणि टीमचा विकेटकीपर. त्याचे चेंडू धरून माझे तळवे सुजायचे. संध्याकाळी तोच खोलीवर येऊन त्यांना तेल-हळद चोळायचा आणि वर ऐकवायचा, "दुखते ना? दुखू दे. तुये हात दुखते, तोपर्यंत माही रोटी चालू हाय."

मग एका वर्षी शेटजींनी शब्द दिला, हंगामभर हाच वेग राहिला तर रहमानला पर्मनंट करू. नेमके त्याच वर्षी माझे तळवे दुखेनासे झाले. सरावानंतर नळावर हात धुताना तोच म्हणाला, "उत्तम, तुले समजलंच असन. हात वर जातच नाई. पण तू मागंच उभा राह्य. तू पुढं सरकला का शेटजीले कळते."

खरंच होतं ते. गोलंदाज वेगवान असला की कीपर यष्टींपासून लांब उभा राहतो, मंदावला की जवळ येतो. मी जुन्याच जागेवर उभा राहू लागलो. चेंडू दोन-दोन टप्पे खात यायचा, मी पुढे झेपावून तो उचलायचो आणि फार लागल्यासारखे हात झटकायचो. असं नाटक मी जन्मात केलं नसेल.

हंगामाचा शेवटचा सामना होता. शेटजी मंडपात बसले होते. रहमानच्या चेंडूला बॅटची कड लागली आणि झेल माझ्या पुढ्यात पडला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. लोक चिडले. "कीपर झोपला काय बे? काढा त्याले बाहीर." कप्तान तर माझ्याकडे ग्लोव्हज मागायलाच आला. मी मान खाली घालून ते काढू लागलो.

रहमान चालत आला आणि मंडपापर्यंत ऐकू जाईल असं बोलला, "राहू द्या त्याच्यापाशी. त्याचा कसूर नाई. म्याच त्याले मागं उभा केला. माहा खांदा गेला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ये उत्तम, पुढं ये."

मी यष्टींना चिकटून उभा राहिलो. पुढचा चेंडू हातात इतका अलगद आला की माझे डोळे भरून आले. सामना आम्ही हरलो. शेटजी त्याला वाईट काही बोलले नाहीत, पण पर्मनंटचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पंधरवड्यानं मी त्याला मंगरूळपीरच्या गाडीत बसवून द्यायला गेलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "काहून बोलला लेका? तेवढा सामना निघाला असता तर नोकरी पक्की होती."

खिडकीशी बसलेला रहमान म्हणाला, "खांद्याचं दुखणं तं म्या वर्षभर सोसलं रे. पण लोक तुले शिव्या देऊन राह्यले होते, ते नाई सोसलं."

गाडी सुटली. पुढे बरीच वर्षं मी कीपिंग केलं, त्याच्याहून चांगले गोलंदाजही पाहिले. माझ्यासाठी स्वतःची भाकर सोडणारा मात्र एकच भेटला.