मधल्या सुट्टीतली रंजना

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागते. अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीनंतर लिहायची वेळ आली ती कुठे सही करण्यापुरतीच, त्यामुळे कुणी वाचलंच तर जरा सावकाश वाचावं. तोंडाने मला कधी काही धड सांगता आलं नाही, म्हणून रंजनाबद्दल लिहायला बसले आहे.

ती गेली ते मला माझ्या मुलीकडून, श्रावणीकडून कळलं. मी घरी कपड्याचे धागे कापत बसले होते. शाळा सुटायची वेळ झाली नव्हती, तरी गल्लीत पोरांचा गलका ऐकू आला. लवकर सोडलं म्हणून पोरं उड्या मारत येत होती. श्रावणी सगळ्यांच्या मागून आली, डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, आज खिचडी न्हाय." मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "रंजना मावशी वारली." सकाळी कामावर निघतानाच छातीत कळ आली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मला लगेच रडू आलं नाही. आधी भीती वाटली. मनात आलं, आता शाळेत माझ्यासाठी कोण बोलणार?

कारण माझ्यासाठी तीच बोलत आली होती, पहिलीपासून. खारबावच्या पुढे आमचं गाव. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत रंजना आणि मी एकाच पट्टीवर बसायचो. बाई बाहेरगावच्या होत्या आणि त्यांना आमचं बोलणं खपायचं नाही. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना माझं नाव आलं. मी उभी राहिले आणि घरी बोलतात तसं म्हणाले, "हाय." बाई म्हणाल्या, "हाय काय? हाय हाय करायला इथे कुणी मेलंय का?" सगळा वर्ग हसला. माझे कान तापले आणि तोंडातून पुढे एक अक्षर निघेना. तेव्हा रंजना न विचारता उठली. "बाई, ती हाय म्हणजे आहे. दिसती की तुमाला!" तिला कान धरून दारात उभं केलं, पण तिथूनही ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. त्यानंतर माझं नाव आलं की तीच ओरडायची, "हजर!" बाईंनीही नाद सोडला. मला शाळेबद्दल आठवतं ते एवढंच, की नाव पुकारायची वेळ आली की छाती धडधडायची. पाचवीची शाळा लांब होती, रूळ ओलांडून जावं लागायचं. बाबा म्हणाले, "पोरगी भिते, राहू दे घरी." मी राहिले. रंजना पुढे आठवीपर्यंत शिकली.

लग्न होऊन मी टेमघरला आले. मग संसार, मग श्रावणी. तिचं नाव पहिलीत घालायला नवऱ्याने मला एकटीलाच पाठवलं, कारण त्याची कापडाच्या लूमवर डबल ड्युटी होती. शाळेच्या फाटकापाशी गेले आणि पाय थांबले. लेकीचा हात धरून उगाच उन्हात उभी राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "ए सुमे! अजून फाटकाच्या भाईरच का गं तू?" कमरेला पदर खोचलेली, हातात मोठा डाव घेतलेली रंजना! ती त्याच शाळेत खिचडी शिजवत होती. तिने मला हाताला धरून आत नेलं आणि गुरुजींना म्हणाली, "सर, ही माझी मैत्रीण. हिला बोलता येतं, पण ती बोलत न्हाय." फॉर्म तिनेच सांगून भरून घेतला. पुढे पालकांची सभा असली की मी तिला सांगायचे आणि ती खिचडीची भांडी घासून, हात पुसून, माझ्या वतीने जाऊन बसायची.

ती राहायला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होती. संध्याकाळी तिच्या ओट्यावर शाळेतली पोरं जमायची आणि ती लसूण सोलत सोलत विचारायची, "बोला रे, आज शाळा कशी होती?" मग काय काय ऐकायला मिळायचं! एक म्हणायची, "गणिताच्या बाई चांगल्या हायत, गणित चांगलं न्हाय." उत्तरेकडून आलेल्या लूमवाल्यांचा सोनू म्हणायचा, "मौसी, इतिहास में सब मर जाते हैं, फिर भी याद हमको करना पड़ता है." दुसऱ्याचं म्हणणं असं, की मधली सुट्टी आणि खिचडी ठेवावी आणि बाकीची शाळा बंद करावी. रंजना म्हणायची, "तसं झालं तर मलाच हेडमास्तर करा रे." कुणाला कुठल्या बाकावर खिळा टोचतो, कोण कुणाचं पेन घेतं, कुठले सर रागावले की डस्टर आपटतात, सगळं तिला ठाऊक असायचं. एकदा मी म्हटलं, "माझी मला काहीच सांगत नाही." तर म्हणाली, "पोरं आईला मार्क सांगतात. भीती सांगत न्हाईत."

त्या बोलण्याचा अर्थ मला ती गेल्यावर कळला. दोन-तीन आठवडे गेले असतील. श्रावणीच्या पोटात दुखायला लागलं, लघवीला जळजळ आणि वर ताप. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पीत नाहीस का गं?" घरी आल्यावर दप्तरातली बाटली बघितली, तर काठोकाठ भरलेली. मी रागावले. मग ती रडायला लागली आणि एकेक शब्द बाहेर आला. मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही. मुलं मुद्दाम दार ढकलून पळतात. म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, घरी येईपर्यंत दाबून ठेवतात. "आधी रंजना मावशी उभी राहायची," ती म्हणाली. "मधल्या सुट्टीत सगळ्यांना वाढून झालं की डाव घेऊन दाराकडे पाठ करून उभी राहायची. आणि सारखी बोलायची." मी विचारलं, "काय बोलायची?" "काय पण. भाजीचा भाव, तिच्या सासूची गोष्ट... आवाज आला की कळतं ना, ती हाय म्हणून."

रात्री नवरा म्हणाला, "जाऊन सांग हेडमास्तरांना." मी म्हटलं, "मला नाही जमणार. तुम्ही जा." तो शिफ्ट सोडून जाऊ शकत नव्हता. श्रावणी ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "नको आई, तू नको जाऊ. मीच न्हाय जात आता शाळेत." ती पाचवीत आहे. मी जिथे थांबले, त्याच्या एक पायरी पुढे... तिचं ते वाक्य ऐकून मला जेवढी भीती वाटली, तेवढी फाटकाची कधी वाटली नव्हती.

सकाळी तिला घेऊन गेले. तिला वर्गात सोडलं आणि ऑफिसच्या दाराशी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी हेडमास्तरांनीच आत बोलावलं. ते चांगले होते, बसा म्हणाले. मी बसले नाही. "बोला, काय काम काढलं?" मोठ्या कष्टाने म्हटलं, "सर... रंजनाचं..." ते लगेच म्हणाले, "हां, रंजनाबाईंच्या जागेवर काम हवंय होय? खिचडी येते ना करता?" मी मान हलवली, तीही धड हो नाही, धड नाही नाही. मग सगळा जीव एकवटून म्हणाले, "सर, कडी पाहिजे." आमच्या बोलण्यात ढ आणि ड एकाच घरात राहतात, त्यात माझा आवाज तो केवढा! सर हसले. "अहो, कढी चांगलीच लागते खिचडीबरोबर, पण आपल्याकडे फक्त खिचडीच असते." टेबलाशी बसलेल्या दोघी शिक्षिकाही हसल्या. वाईट मनाने कुणीच हसलं नाही, पण माझे कान पहिलीतल्यासारखे तापले आणि मी तशीच बाहेर पडले.

फाटकाकडेच चालले होते. घंटा झाली, पोरं बाहेर सुटली. मैदानाच्या कडेला, मुलींच्या संडासाजवळ, चार-पाच मुली घोळका करून उभ्या होत्या. आत कुणी जात नव्हतं. श्रावणी त्यांच्यात होती, ओठ दाबून, पाय जुळवून. थोड्या अंतरावर दोन मुलं हसत होती. माझे पाय तिकडेच वळले. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. श्रावणी माझ्याकडे बघत राहिली आणि मग पटकन आत गेली.

मुलं थोडी जवळ आली. मला त्यांना काही म्हणता आलं नाही. पण मी हललेही नाही. मग आतून श्रावणीचा बारीक आवाज आला, "आई, हायस ना?" मी म्हटलं, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "आई?" तेव्हा कळलं की नुसतं उभं राहून भागत नाही. बोलावं लागतं, आणि थांबून चालत नाही. मी बोलायला लागले. कडी नाही म्हटलं, मुली पाणी पीत नाहीत म्हटलं, माझी लेक तापली होती म्हटलं... कुणाला सांगत होते कोण जाणे, पण आवाज वाढत गेला. ऑफिसातल्या त्या दोघींपैकी एक बाई व्हरांड्यात येऊन उभी राहिली होती. ती आता हसत नव्हती. तिने जवळ येऊन दार ओढून बघितलं आणि मुलांना पिटाळलं.

त्या आठवड्यातच सुतार आला. आता दाराला आतून कडी आहे. तरी मधल्या सुट्टीत लहान मुली म्हणतात, "काकी, तुम्ही उभ्या राहा ना." मी जवळच राहते, त्यामुळे जाते. रोज जाताना भीती वाटते, ती काही गेलेली नाही. काय बोलायचं ते मात्र आता शोधावं लागत नाही. मी रंजनाबद्दल बोलते. ती दारात कान धरून उभी असताना मला डोळे कशी मिचकावायची, ते सांगत होते परवा. सांगता सांगता मी मध्येच थांबले. आतून कुणीतरी कडीवर टकटक केलं.

"काकी, मग? मग ती काय म्हणाली?"