डिचोलीच्या संग्रहालयातला पाच दिवसांचा गणपती

"मॅडम, आपलो गणपती दीड दिवसाचो की पाच दिवसांचो?"

चवथीच्या दुपारी हा फोन आला तेव्हा मी इब्रामपूरला सासरी पानांवर गोड पातोळ्या वाढत होते. फोन गवसचा. गवस आमच्या डिचोलीच्या कलासंग्रहालयाचा वॉचमन, दोडामार्गकडचा. चवथीला सगळ्या स्टाफला सुट्टी, पण दाराला माणूस लागतोच, म्हणून तो राहिला होता.

"आपला कुठला गणपती?"

"म्यूझियमातलो. भटजी सकाळी पूजा करून गेले. उत्तरपूजेक कधी येऊ, म्हणून विचारीत होते."

मी ताट खाली ठेवलं. सासूबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, वाट लागली. सणाच्या दिवशी असं बोलू नये, हे त्यांनी मला तिथल्या तिथे ऐकवलं. मी साडी न बदलता गाडी काढली आणि हळर्णवरून डिचोलीला निघाले.

वाटेभर मी स्वतःलाच शिव्या घालत होते. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी या संग्रहालयात क्युरेटर होते. क्युरेटर म्हणजे वस्तू निवडणारी, सांभाळणारी आणि काही बिघडलं की जिच्यावर खापर फुटतं ती बाई. सुरुवात झाली तेव्हा आमच्याकडे बाजाराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. खाली मासळी. जनेल म्हणजे खिडकी उघडली की बांगड्याचा वास थेट रजिस्टरापर्यंत. पैसा नव्हता, विकत घेतलेली एकही वस्तू नव्हती. जे आलं ते लोकांनी आणून दिलं. कोणी पितळेच्या समया, कोणी दशावतारी मुकुट, कुंभारवाड्यातून मडकी. पुढे बंद पडलेल्या शाळेची इमारत मिळाली, मग मागे नवी गॅलरी उठली. प्रत्येक वाढीला गावातले हात लागले. रंग लावायला माणसं आली, पहिल्या शोकेसच्या काचा एका दुकानदाराने दिल्या. दारावर पाटी मीच लिहिली होती: "हे घर तुमचंच आहे." त्या पाटीचा मला फार अभिमान होता.

नव्या गॅलरीच्या मधोमध एकच मूर्ती होती. पाळी गावच्या पुंडलीक बाबांनी केलेला गणपती. रंग नाही, भाजलेला नाही, नुसती वाळलेली माती. पुंडलीक बाबांची चित्रशाळा, म्हणजे गणपती घडवायची शाळा, पाळीत तीन पिढ्या चालली. माती त्यांच्याच शेताच्या कडेची. चिकट, बारीक, हातात लोण्यासारखी. ते शेत पुढे खाणीत गेलं. मुलगे ट्रकवर गेले. बाहेरची माती आणून त्यांनी काही वर्षं काढली, मग हात थरथरायला लागले आणि चित्रशाळेला कुलूप लागलं. जुन्या मातीचा एक गोळा मात्र त्यांनी ओल्या गोणपाटात जपून ठेवला होता. त्याची ही शेवटची मूर्ती.

ती देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"हाका पूजेक लावंचो न्हय, बाय."

मी विचारलं, का. ते म्हणाले, "जल्मभर मूर्ती केल्यो. सगळ्यो उदकांत गेल्यो. एक उरूंक ना. ही एक उरूं दी."

बाकी चित्रकारांची चित्रं भिंतीवर राहतात. या माणसाचं आयुष्यभराचं काम दर भाद्रपदात विरघळत होतं आणि ते त्याला मान्यही होतं. फक्त एक उरावी, एवढंच मागणं. मी ती अट अॅक्सेशन रजिस्टरात लिहून घेतली. अॅक्सेशन रजिस्टर म्हणजे वस्तूची जन्मपत्रिका. कुठून आली, कोणी दिली, कोणत्या अटीवर. लाल शाईने लिहिलं, सही घेतली, रजिस्टर कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

तो फोन आला त्या वर्षी मला एक कल्पना सुचली. देवच चांगली बुद्धी देतो म्हणतात, माझ्या वेळी तो बहुतेक डुलकी घेत होता. मूर्ती एकटीच दिसते, तिच्याभोवती आपली चवथ दिसायला हवी, असं मी मीटिंगमध्ये म्हटलं. म्हणून माटोळी बांधायची. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, रानातल्या फळाफुलांनी भरलेली. शहरातल्या आणि खेड्यातल्या बायकांनी एकेक फळ आणायचं. आमचे अध्यक्ष खूश झाले. चवथीच्या आदल्या दिवशी बायका आल्या, नारळ, सुपारीचे घोस, आम्याडे, तोरिंग अशी फळं घेऊन आल्या. बांधताना गाणी झाली, फुगडी झाली. फोटो सुंदर आले. मग आम्ही सगळे दिवे बंद करून आपापल्या घरी सणाला गेलो.

चवथीच्या दिवशी माटोळीखालचा गणपती काळोखात सोडून गेलो. गोव्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. मला कळलं नाही. मला ती माटोळी डिस्प्ले वाटत होती.

मी पोचले तेव्हा गवस गॅलरीच्या दारात आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून उभा होता. समई पेटलेली. समोर पाच खोबऱ्याचे मोदक, हॉटेलातून आणलेले.

"तुला कोणी सांगितलं रे हे करायला?"

"कोणी नाय सांगितला." तो घाबरला होता, पण मागे सरला नाही. "वर माटोळी, खाली देव, आणि चवथीच्या दिसा दिवो नाय. माका बगवला नाय, मॅडम. भटजी शेजारच्या घरी येल्ले, तेंका बोलावलंय. तेंका वाटला, औंदा म्यूझियमान गणपती आणलो."

"मला फोन करायचा होतास."

"केल्लो. तुमचो लागलो नाय." इब्रामपूरला रेंज येते-जाते, हे खरं आहे. "मगे दारार लिवलेला आसा, हे घर तुमचा. घरात असा कोण ठेवता?"

माझीच पाटी, माझ्याच तोंडावर.

मी टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले आणि कंडिशन रिपोर्ट लिहायला घेतला. वस्तूला काय झालंय ते जसंच्या तसं टिपायचं, भावना आणायच्या नाहीत, असा आमचा नियम. कपाळावर कुंकवाचा डाग. छातीवर दूर्वांनी शिंपडलेल्या पाण्याचे बारीक खळगे. उजव्या पायाशी अक्षता चिकटलेल्या. "नुकसान" या रकान्यात हे लिहायचं की नाही, तेच मला ठरेना. शेवटी पेन बंद केलं आणि तिथेच रडले. गवसने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, फाईलवर चालणारे गृहस्थ.

"मॅडम, उत्तरपूजा करून घ्या आणि मूर्ती जागेवर ठेवा. प्रश्न मिटला."

भटजी शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झाली. मातीची मूर्ती उत्तरपूजेनंतर ठेवत नाहीत. पण तुमचं तुम्ही बघा, मी जबरदस्ती करणार नाही."

"ही संग्रहालयाची मालमत्ता आहे."

"काल सकाळपर्यंत होती," भटजी म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्याने केली त्याला विचारा. त्याने ठेवा म्हटलं की कोणाची काही हरकत राहणार नाही. आणि तो म्हणेलच. त्याचीच तर अट होती."

बुडताना मला तो दोर पुरेसा वाटला. मी त्याच दुपारी पाळीला गेले. खोटं कशाला बोलू, मनात मी देवाला नव्हे, पुंडलीक बाबांना विनवत होते: ठेवा म्हणा.

ते सोप्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. माझी चूक म्हणून सांगितलं, गवसवर ढकललं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "उदक शिंपडलें?"

"हो."

"मंत्र म्हणले?"

"म्हटले, बाबा. पण तुमची अट लिहिलेली आहे. तुम्ही ठेवा म्हटलं तर आम्ही ठेवू. कोणी काही बोलणार नाही."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग कितें विचारतां, बाय? आतां तो म्हजो न्हय."

त्यांच्या सुनेने चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, आणले. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, पाचव्या दिवशी मूर्ती पाळीला आणा, नदीवर नको.

पाचव्या दिवशी गवसने मूर्ती मांडीवर घेतली आणि मी गाडी चालवली. पुंडलीक बाबा आम्हाला खाणीच्या गेटवर घेऊन गेले. खाण तेव्हा बंद होती. आत खोदलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्याखाली कुठेतरी त्यांचं शेत होतं. गेटवरच्या माणसाने हात आडवा केला. आत कोणाला सोडायची ऑर्डर नाही म्हणाला. मग त्याने गवसच्या हातांत काय आहे ते पाहिलं, चपला काढल्या आणि गेट उघडलं.

पाणी हिरवट, संथ. उतारावर बाबांना दोन्हीकडून धरावं लागलं. मूर्ती त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. त्यांनी ती तीनदा बुडवली आणि सोडली. न भाजलेली माती, तिला किती वेळ लागणार. आधी सोंड गेली. ते पाण्यात हात घालून तसेच बसून राहिले, हाताला काही लागेनासं होईपर्यंत.

"थोडी माती उरलीय का हो घरात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ना," ते म्हणाले. "मूर्तीक पुरली तितलीच आशिल्ली."

परत येऊन मी डिअॅक्सेशनचा फॉर्म भरला. वस्तू संग्रहातून कायमची कमी करताना तो भरावा लागतो. कारणांची यादी छापलेली असते: चोरी, आग, वाळवी, परत दिली. मी खाली हाताने लिहिलं, "विसर्जन". अध्यक्षांनी फॉर्म परत पाठवला. शेरा होता, हे कारण यादीत नाही. मी ते खोडून लिहिलं, "क्युरेटरचा निष्काळजीपणा". ते लगेच मंजूर झालं.

पुंडलीक बाबा पुढच्या चवथीपर्यंत राहिले नाहीत. त्यांची म्हणून दाखवावी अशी एकही मूर्ती आज कुठे नाही.

गवसला मी नोकरीवरून काढू दिलं नाही. त्याने जे केलं ते आमच्यापैकी कोणाच्याही आईने केलं असतं. मी निवृत्त होताना नव्या क्युरेटर मुलीने विचारलं, काही सांगायचंय का. मी म्हटलं, देणाऱ्याची अट रजिस्टरात लिही, पण तेवढ्यावर थांबू नकोस. सणाच्या दिवशी जो माणूस दारात असतो, त्याला तोंडाने सांग. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि गवस तर रोज सकाळी मला दार उघडून देत होता.