फियाटला उगवलेलं गवत

माझ्या वडिलांनी मला आयुष्यात कधी शाबासकी दिली नव्हती. तशी वेळच मी त्यांच्यावर येऊ दिली नव्हती, हा भाग वेगळा!

आमच्याकडे बाबांची जुनी, गर्द हिरवी फियाट आहे. बाबा तिला रोज स्वतः पुसतात. मला फक्त ढकलायला बोलावतात. गेल्या मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि रविवारी आईला फियाटमध्ये बसवून समारंभासाठी मनीषनगरच्या हॉलवर न्यायचं, हे बाबांनी वर्षभर आधी ठरवून टाकलं होतं. पण बॉनेटवर गंज आला. डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणाला, पंधरा दिवस लागतील. हातात होते तीन.

"मी करतो ना!" मी म्हणालो.

बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुले येते काय गा?"

"दरवर्षी कूलर कोण रंगवते, बाबा?"

(नागपुरात प्रत्येक पुरुष एप्रिलमध्ये कूलर खाली उतरवतो, गंज घासतो, पुन्हा गंजू नये म्हणून रेड ऑक्साइड मारतो, वर रंग देतो. याला आम्ही शिक्षणच समजतो.)

"कर मंग," बाबा म्हणाले. "पण बिघडवलं तर तुह्या स्कूटरवर बसून हॉलवर येणार नाई मी. सांगून ठेवतो!"

शुक्रवारी पॉलिश पेपर घेऊन बसलो. डाग टिकलीएवढे होते. घासता घासता पोळीएवढे झाले! शेवटी सगळं बॉनेटच खरवडून काढलं आणि लालभडक रेड ऑक्साइड मारला. बाबा दर अर्ध्या तासाने येऊन बघायचे आणि आत जायचे.

शनिवारी दुपारी मित्राची स्प्रे गन आणली. ऊन असं की रंग बॉनेटपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होता. हात फिरवला तर रवा!

"सकाळी मारा ना उद्या," माझी बायको मंजू म्हणाली.

"अगं, उद्या सकाळी हॉल आहे!"

आणि तेव्हा माझं डोकं चाललं. (ते चालतं तेव्हा घरच्यांनी दूर जावं.) पोर्चच थंड केला तर? चाकांचा कूलर घरात एकच, बाबांच्या खोलीत. बाबा घोरत होते. मी हळूच प्लग काढला आणि कूलर ढकलत बाहेर आणला.

"अहो, त्या कूलरच्या जाळीतलं गवत बदला म्हणून महिन्याभरापासून सांगून राहिली मी!"

"मले थंडी पायजे, मंजू, गवत नाई!"

पहिली पाच मिनिटं काय वर्णावी! रंग आरशासारखा बसला. मंजूसुद्धा "अरे वा" म्हणाली. त्या एका "अरे वा"ने मी चढलो आणि कूलर फुल्लवर टाकला. त्यानं एक आचका दिला, खोकला, आणि गेल्या वर्षीचं कुजलेलं गवत झुबक्याझुबक्यानं ओल्या बॉनेटवर ओकला!

मी घाबरून हातानं झटकलं. आता गवत होतंच, वर माझी पाच बोटंही उमटली. मंजूचा भुवया कोरायचा चिमटा आणून एकेक काडी उपटायला लागलो, तर काडीबरोबर रंगाचं सालटं निघे. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माहा कूलर कुठी गेला?"

बाबा घामानं निथळत बनियनवर उभे होते. कूलर दिसला. मग गाडी दिसली.

"काहून गा, हिले गवत उगवलं काय?"

"चुकलं, बाबा."

ते पाठ फिरवून आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला खरंच रडू येत होतं. प्रायश्चित्त म्हणून संध्याकाळी कूलरमध्ये नवं गवत भरलं, टाकी घासली आणि उरलेला हिरवा रंग कूलरला मारून तो बाबांच्या खोलीत ठेवून आलो.

रविवारी सकाळी आई हसत म्हणाली, "एवढं काय त्यात? हार पसरवा बॉनेटवर, झाकून जाते सारं." पसरवले. बाबांनी ऐटीत गाडी नेली. हॉलवर हार काढायला गेलो तर ते निघेचनात! कूलरच्या दमट हवेनं रंग अजून चिकटच होता. निघाले तेव्हा अर्धा झेंडू बॉनेटवरच राहिला.

दुपारी पाहुणे घरी आले. बाबा सगळ्यांना गाडीपाशी न थांबवता थेट आपल्या खोलीत घेऊन गेले.

"हा कूलर पाहा! आमच्या विनूनं रंगवला. काय फिनिशिंग आहे! शाबास रे पठ्ठ्या!"

माझे कान तापले. पन्नाशीच्या तोंडावर पहिली शाबासकी! सगळ्यांनी कूलरवर हात फिरवून पाहिला. मग माझ्या मामांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "अन् भाऊजी, गाडी कोणाकडून रंगवली?"

बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "ते होय? ती एका कूलरवाल्यानं रंगवली. तिथंच फसलो!"

मीही गंभीरपणे मान हलवली. म्हणालो, "हो मामा, तो माणूस काही बरोबर नाही."