तिसऱ्या ओळीतली चूक

"सर, मी चोर आहे का?"

हे गेलेल्या माणसाला विचारायचं, अशी पैज आहे. माझ्या वर्गातली सलोमी म्हणाली, "तुझ्या स्वप्नात येतात ना सर? मग विचार की! की घाबरतेस?" मी आणि घाबरणार? म्हणून रविवारी दुपारी, वरणभात ओरपून, आमच्या व्हायोलिनच्या घोन्साल्विस सरांची आठवण काढत आडवी पडते. पापण्या जड होतात. पंख्याची घरघर सावकाश होत जाते आणि सरांच्या ओटीवरच्या तालयंत्रासारखी टकटक करायला लागते.

सर ओटीवरच बसलेत. नाताळाच्या आधी गेले, पण शर्ट तोच, चौकड्यांचा. मला रडूबिडू येत नाही.

"उशीर," सर म्हणतात.

"तुम्हीच नव्हतात, सर."

"तेही आहेच."

मी भराभर सांगते. स्वतः रचलेली धून वाजवायची स्पर्धा आहे. माझी धून ऐकून सलोमी म्हणाली, ही तर सरांनी रचलेल्या मिन्युएटच्या धुनेसारखी! वर्गभर झालं. काल मी घरी सांगून टाकलं, नाव मागे घेते.

"पण सर, झेरॉक्स तुम्हीच चालू देत नव्हतात. प्रत्येक धून हातानं उतरवायची. तुमची मिन्युएट उतरवताना तिसऱ्या ओळीत माझा एक सूर चुकला. तो वाजवून बघितला, तर पुढचं सगळं त्याच्यामागून आपोआप आलं. ढापलीच ना मी?"

ओटी आता एसटीची मागची सीट झालीये. खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पळतायत. सर माझं व्हायोलिन मांडीवर घेऊन तारा पुसतायत.

"हायडनची चार वाद्यांची क्वार्टेटं ऐकून मोझार्ट पेटला. सहा लिहिली, ती हायडनलाच वाहिली. मग म्हातारा हायडन मोझार्टकडून शिकला. बेथोव्हननं मोझार्टचं क्वार्टेट हातानं उतरवून काढलं."

"तेव्हा झेरॉक्स नव्हतं म्हणून."

"गप. त्यानंच हायडनकडे धडे घेतले आणि वर म्हणे, त्याच्याकडून मी काहीच शिकलो नाही. तुझाच भाऊ!"

"मी असं कधी म्हटलं?"

"नाव मागे घेतेस, म्हणजे दुसरं काय म्हणतेस?"

एसटीतून उतरते, तर समोर शाळेची प्रयोगशाळा. परीक्षानळ्यांच्या मागे स्टेजचा पडदा लोंबतोय.

"तो सूर खोडलास?" सर विचारतात.

"नाही."

"खोडू नकोस. तिथवर मी. तिथून तू."

मग स्टेजवर सोडण्याआधी ते नेहमी करायचे तेच करतात. गजाला लावायची राळ बोटानं घासून माझ्या उजव्या अंगठ्यावर टेकवतात, टिळ्यासारखी.

"जा."

पंखा. छत. खालून चहाचा वास. व्हायोलिनची पेटी कालपासून कपाटावर बंद आहे आणि जेवल्यावर मी हात साबणानं धुतलेत. तरी उजव्या अंगठ्यावर पांढुरकी पूड. घासून बघते. चिकट. वास राळेचाच.

खाली जाते.

"आई, बाबा, नाव मागे घेणार नाही. मी वाजवणार. आणि आधी माइकवर सांगणार, पहिल्या दोन ओळी घोन्साल्विस सरांच्या, पुढच्या माझ्या."

"अगं, पण स्वतःचीच धून हवी ना?" बाबा म्हणतात. "बाद केलं तर?"

"करू देत," मी म्हणते आणि कप डाव्या हातानं उचलते.